श्वानाचे कान : निगा थोडी, परिणाम मोठे
खान्देशातील उकाडा, पावसाळा आणि कुसळांच्या दिवसांत घ्यावयाची काळजी

जळगाव/धुळे (प्रतिनिधी) : कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक घरांत त्याचे खाणेपिणे, लसीकरण आणि आंघोळ यांची काळजी आवर्जून घेतली जाते. कानांकडे मात्र दुर्गंधी येऊ लागल्याखेरीज सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दुर्गंधी येते तेव्हा आजार बहुधा जुना झालेला असतो. कुत्र्यांमध्ये कानाचे दुखणे हे त्वचेच्या विकारांइतकेच सर्रास आढळते आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात आणल्या जाणाऱ्या पाळीव श्वानांच्या नेहमीच्या तक्रारींत त्याचा समावेश होतो. वेळीच ओळखल्यास हे दुखणे काही आठवड्यांत आटोक्यात येते. दुर्लक्ष झाल्यास ते वर्षानुवर्षे रेंगाळते, कधी बहिरेपणा येतो, तर कधी संपूर्ण कर्णनलिका काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

या दुखण्याचा आणखी एक परिणाम घरातील माणसांच्या लवकर ध्यानात येत नाही. कान ठणकत असलेला कुत्रा डोक्याला हात लावू देत नाही, लहान मुले जवळ आली की गुरगुरतो, कधी चावतोही. 'कुत्रा चिडका झाला' असा समज करून घेतला जातो. मग तो दिवसभर साखळीला बांधला जातो किंवा शेतावर, महामार्गालगत नेऊन सोडून दिला जातो. स्वभाव बदलण्याचे कारण वेदना होते, हे अशा वेळी कोणी तपासलेलेच नसते. पाळीव प्राण्याला उपासमार वा तहानेने त्रास होईल अशा स्थितीत सबळ कारणाशिवाय सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार गुन्हा आहे.

कानाची रचनाच अडचणीची

माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची आणि बहुतांशी सरळ असते. कुत्र्याची कर्णनलिका जातीनुसार व आकारमानानुसार साधारण पाच ते दहा सेंटिमीटरपर्यंत लांब असते आणि ती सरळ नसते. कानाच्या पाळीपासून ती प्रथम खाली उतरते आणि मग काटकोनासारखे वळण घेऊन आत पडद्याकडे जाते. या वळणामुळे कानाचा पडदा धक्क्यापासून सुरक्षित राहतो. परंतु आत गेलेले पाणी, मळ किंवा गवताचे कुसळ सहजासहजी बाहेर येत नाही. वरून पाहणाऱ्याला नळीचा केवळ सुरुवातीचा भाग दिसतो. वळणापलीकडे काय चालले आहे, हे उपकरणाशिवाय कळत नाही.

निरोगी कान स्वतःची सफाई स्वतःच करीत असतो. नळीच्या आतील त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि मृत पेशी व मळ आपल्याबरोबर बाहेर आणते. कानातील थोडासा पिवळसर तपकिरी मळ हा त्वचेचे रक्षण करणारा थर असतो. त्यामुळे मळाचा कण न् कण खरवडून काढण्याचा अट्टहास चुकीचा ठरतो. ही नैसर्गिक सफाई जिथे कमी पडते तिथे तिला मदत करणे एवढेच पालकाचे काम आहे.

कुत्र्याची श्रवणशक्ती माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. कुत्र्याला सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंतचे. राखणीच्या कुत्र्याचे सारे काम या कानांवर चालते. पिलू जन्मते तेव्हा मात्र त्याच्या कर्णनलिका बंद असतात. त्या जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. त्यापूर्वी पिलाच्या कानात कोणतेही औषध, तेल वा पाणी घालण्याचे कारण नाही.

तीन ऋतू, तीन तऱ्हा

जळगाव, भुसावळ आणि धुळ्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो. कोरडी हवा कानाला तशी बाधत नाही. अडचण होते ती उकाड्यावर केलेल्या उपायांनी. कुत्रा हौदात, पाण्याच्या टाक्याशेजारच्या चिखलात किंवा कूलरसमोरच्या ओल्या फरशीवर लोळतो. अनेक घरांत त्याला दिवसातून दोन-तीनदा नळीच्या पाण्याने भिजविले जाते. काही पालक त्याला तलावावर, धरणाच्या फुगवट्यावर किंवा तापी, गिरणा, पांझरेच्या काठी पोहायला नेतात. पोहणे कुत्र्याला मानवते. परंतु कानात राहिलेले पाणी उबदार आणि अंधाऱ्या नळीत दिवसभर मुरते. नळीची त्वचा त्यामुळे भिजून मऊ पडते आणि तेथे आधीपासूनच अल्प प्रमाणात असलेले जंतू व यीस्ट फोफावतात.

पावसाळ्यात हवेतील दमटपणा वाढतो आणि लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे दुखणे डोके वर काढते. याच दिवसांत माश्या, पिसवा आणि गोचिडांचा उपद्रव वाढतो. गोठ्याजवळ बांधलेल्या कुत्र्यांच्या कानांच्या टोकांवर चावऱ्या माश्या बसतात. ताठ कानांच्या जर्मन शेफर्डच्या आणि गावठी कुत्र्यांच्या कानांची टोके सोलून निघतात, त्यावर काळसर खपल्या धरतात आणि त्या ओल्या राहिल्या की किडे पडण्याची भीती असते.

पावसाळा संपताच तिसरा धोका सुरू होतो. आश्विन-कार्तिकात माळरानावरचे गवत वाळू लागते आणि कुसळी गवताची टोकदार कुसळे गळू लागतात. या कुसळाचे टोक भाल्यासारखे असते आणि मागच्या बाजूला उलटे केस असतात. त्यामुळे ते एका दिशेनेच सरकते. कानात शिरलेले कुसळ डोके झटकल्याने बाहेर न येता अधिक आत जाते आणि प्रसंगी पडदाही फाडते. सातपुड्याच्या पायथ्याशी, अजिंठ्याच्या डोंगररांगांत, धुळ्याजवळच्या लळिंगच्या परिसरात फिरायला नेलेल्या कुत्र्यांना, तसेच साक्री, शिंदखेडा भागातील ठेलारी मेंढपाळांबरोबर रानोमाळ हिंडणाऱ्या राखणीच्या कुत्र्यांना हा धोका अधिक असतो. आघाडा आणि गोखरूची काटेरी फळे कानाच्या केसांत अडकतात, तेथे गुंता होतो आणि खालची त्वचा खाजवून लाल होते. रानातून परतल्यावर पायांची बोटे आणि कान दोन मिनिटे पाहून घेणे, हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

कोणत्या कुत्र्यांना अधिक जपावे?

शहरी घरांत लोकप्रिय असलेल्या लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जातींना त्वचेच्या अॅलर्जीची प्रवृत्ती असते आणि कान लोंबते असतात. त्यामुळे कानाचे दुखणे त्यांच्यात वारंवार आढळते. कॉकर स्पॅनियलचे कान जड व केसाळ असतात, शिवाय त्याच्या कानातील ग्रंथी अधिक स्राव निर्माण करतात. पूडल, ल्हासा अॅप्सो, शिह त्झू यांच्या नळीत केस उगवतात. पगची कर्णनलिका अरुंद असते. जर्मन शेफर्डचे कान ताठ व हवेशीर असले तरी अॅलर्जीमुळे तोही सुटत नाही. पश्मी, कारवानी यांसारख्या महाराष्ट्रातील शिकारी जातींचे कान लोंबते असतात. रानात वावरणाऱ्या अशा कुत्र्यांच्या बाबतीत कुसळे आणि गोचीड यांवर लक्ष ठेवावे. गावठी कुत्र्याचे कान बहुधा ताठ वा अर्धवट ताठ असल्याने हवा खेळती राहते; पण माश्या, गोचीड आणि मारामारीतील जखमा हा त्याच्या कानांचा मुख्य शत्रू आहे.

निरोगी कान कसा ओळखावा?

आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या दिवशी, दोन्ही कान उजेडात पाहावेत. निरोगी कानाची आतली त्वचा फिकट गुलाबी असते. मळ असला तर थोडा आणि पिवळसर तपकिरी असतो. वास नाममात्र असतो. कानाच्या मुळाशी हलकेच दाबले असता कुत्रा शांत राहतो, उलट अनेकदा त्याला ते आवडते. दोन्ही कान एकमेकांशी ताडून पाहण्याची सवय विशेष उपयोगी पडते; कारण एका कानात झालेला बदल दुसऱ्याशी तुलना केल्यावर पटकन लक्षात येतो.

पिलू घरी आल्यापासूनच त्याला कान हाताळून घेण्याची सवय लावावी. रोज थोडा वेळ कानाची पाळी उचलणे, आत पाहणे आणि लगेच आवडीचा खाऊ देणे, एवढे पुरेसे असते. मोठेपणी प्रथमच कानाला हात लावणाऱ्या पालकाला जी झटापट करावी लागते, ती यामुळे टळते.

स्वच्छ करण्याची पद्धत

कान किती वेळा स्वच्छ करावेत, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. ताठ कानांच्या निरोगी कुत्र्याला महिनोन् महिने काहीही करावे लागत नाही. केवळ पाहणे पुरते. लोंबत्या कानांच्या किंवा ज्यांना पूर्वी दुखणे होऊन गेले आहे अशा कुत्र्यांना आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा सफाई मानवते. पोहून आल्यावर आणि आंघोळीनंतर कान कोरडे करणे सर्वांनाच आवश्यक आहे. वारंवार धुण्यानेही नळीची त्वचा हुळहुळी होते, हे लक्षात ठेवावे.

सफाईसाठी कुत्र्यांकरिता बनविलेले कान धुण्याचे द्रावण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्यावे. सोबत कापूस किंवा गॉज, जुना टॉवेल आणि बक्षिसाचा खाऊ असावा. काम घराबाहेर किंवा मोरीत करणे सोयीचे, कारण कुत्रा डोके झटकतो तेव्हा मळ भिंतीवर उडतो. त्यानंतरचा क्रम असा :

१. एकाने कुत्र्याला शांतपणे धरावे, दुसऱ्याने कानाची पाळी हलकेच वर उचलावी. नळी त्यामुळे थोडी सरळ होते.

२. द्रावणाची बाटली काही वेळ हातात धरून कोमट करावी. थंडगार द्रव कानात गेल्यास कुत्रा दचकतो आणि पुढच्या वेळी बाटली पाहूनच पळ काढतो.

३. नळी भरेल इतके द्रावण घालावे. बाटलीचे टोक कानाला टेकू देऊ नये. टेकल्यास पुसून घ्यावे, अन्यथा एका कानातील जंतू दुसऱ्या कानात जातात.

४. कानाच्या मुळाशी, जेथे कडक नळी हाताला लागते तेथे, २० ते ३० सेकंद हलकेच चोळावे. आत द्रव खळखळल्याचा आवाज येतो. या क्रियेने वळणाजवळचा मळ सुटतो.

५. हात काढून कुत्र्याला डोके झटकू द्यावे. आतला मळ आणि द्रव वर येतो.

६. बोटाला गुंडाळलेल्या कापसाने किंवा गॉजने दिसणारा भाग पुसावा. बोट जाईल तेवढेच आत जावे.

७. दुसऱ्या कानासाठी नवा कापूस घ्यावा आणि शेवटी खाऊ द्यावा.

कापूस लावलेली काडी नळीत घालू नये. ती मळ बाहेर काढण्याऐवजी वळणाच्या दिशेने ठासते आणि कुत्र्याने डोके हलविल्यास इजा करते. पाळीच्या घड्या पुसण्यापुरता तिचा उपयोग होऊ शकतो. सफाई करताना कुत्रा ओरडला, कान लाल व सुजलेला दिसला किंवा रक्त आले तर तेथेच थांबावे. पडदा फाटला असेल तर घरी घातलेले द्रावण मधल्या कानात पोहोचून अधिक हानी करते. कुत्रा चावण्याची शक्यता असल्यास तोंडाला मुसके बांधावे किंवा हे काम दवाखान्यावर सोपवावे.

आंघोळीच्या वेळी दोन्ही कानांत कापसाचे मोठे बोळे सैलसर ठेवल्यास पाणी आत जात नाही. आंघोळ संपताच ते काढण्यास विसरू नये. ल्हासा, शिह त्झू, पूडल यांच्या कानातील केस उपटण्याची प्रथा आहे. कान निरोगी असेल तर केस उपटल्याने त्वचेला सूज येण्याचीच शक्यता अधिक असते. वारंवार दुखणे होत असल्यास हा निर्णय पशुवैद्यकाने घ्यावा.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नये

सतत मान झटकणे, मागच्या पायाने कान खाजविणे, भिंतीला वा गादीला डोके घासणे, डोके एका बाजूला कललेले असणे, कानातून दुर्गंधी वा स्राव येणे, पाळी लाल व गरम होणे, कानाला हात लावताच किंचाळणे ही दुखण्याची लक्षणे आहेत. जेवताना एका बाजूनेच चावणे किंवा तोंड उघडताना कण्हणे हेही कधीकधी कानाच्या खोलवरच्या दुखण्याचे चिन्ह असते. तोल जाणे, गोल गोल फिरणे, बुबुळे आपोआप डोलणे किंवा चेहऱ्याची एक बाजू लोंबणे म्हणजे आजार मधल्या वा आतल्या कानापर्यंत पोहोचल्याचा इशारा असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

स्रावाच्या रंगावरून कारणाचा काहीसा अंदाज येतो. काळपट, कॉफीच्या चुऱ्यासारखा कोरडा मळ आणि तीव्र खाज असेल तर माइट हे डोळ्यांना जेमतेम दिसणारे परजीवी असण्याची शक्यता असते. ते पिलांमध्ये अधिक आढळतात. तपकिरी, तेलकट आणि आंबूस वासाचा मळ यीस्टकडे बोट दाखवितो. पिवळा किंवा हिरवट पू आणि उग्र दुर्गंधी असल्यास जिवाणूंचा संसर्ग संभवतो. तथापि हा केवळ अंदाज होय. एकाच कानात यीस्ट आणि जिवाणू दोन्ही असू शकतात आणि त्यांची औषधे वेगवेगळी असतात.

मूळ कारण शोधणे महत्त्वाचे

औषधाने कान बरा झाला आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच, असा अनुभव अनेक पालकांना येतो. याचे कारण असे, की यीस्ट आणि जिवाणू बहुतेक वेळा मूळ कारण नसून संधीसाधू असतात. त्यांना संधी देणारे कारण वेगळे असते. अॅलर्जी, माइट, कुसळासारखी बाहेरची वस्तू किंवा थायरॉइडचा विकार यांपैकी काहीतरी आधी घडलेले असते. कानात साचणारे पाणी, अरुंद नळी, दाट केस हे त्याला हातभार लावतात. दुखणे दीर्घकाळ चालले तर नळीची त्वचा जाड होते, नळी आकसते आणि औषध आतपर्यंत पोहोचेनासे होते. मग मूळ कारण दूर झाले तरी कान बरा होत नाही.

एक साधा ठोकताळा उपयोगी ठरतो. एकाच कानात, अचानक आणि रानातून आल्यानंतर दुखणे सुरू झाले, तर कुसळासारखी वस्तू अडकल्याचा संशय घ्यावा. दोन्ही कान वारंवार दुखत असतील, त्याबरोबर कुत्रा पंजे चाटत असेल आणि पोट, काख लाल होत असेल, तर अॅलर्जीचा विचार करावा लागतो. अॅलर्जी धुळीची, परागकणांची, पिसवांची किंवा अन्नाचीही असू शकते. अशा कुत्र्यांचा केवळ कान धुऊन प्रश्न सुटत नाही.

दवाखान्यात प्रथम ओटोस्कोप या प्रकाशयंत्राने नळी आणि पडदा पाहिला जातो. त्यानंतर कापसाच्या बोळ्यावर घेतलेला मळ काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. ही तपासणी काही मिनिटांची असते आणि यीस्ट आहे की जिवाणू, हे तीवरून कळते. औषध त्यानुसार ठरते. त्यामुळे ही तपासणी करून मागण्यात पालकांनी संकोच करू नये. संसर्ग जुना असेल किंवा औषधाला दाद देत नसेल, तर जिवाणूंची वाढ करून कोणते प्रतिजैविक लागू पडते, हे पाहावे लागते. स्यूडोमोनास हा जिवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही. अर्धवट सोडलेल्या उपचारांनी हा प्रश्न अधिक बिकट होतो.

उपचार साधारणपणे दोन ते चार आठवडे चालतात. तीन-चार दिवसांत खाज थांबली, वास गेला, की बाटली कपाटात जाते आणि दुखणे परतण्याचे हे एक प्रमुख कारण ठरते. फेरतपासणीत मळ पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मगच औषध बंद करावे. माइटचा संसर्ग झाल्यास घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. माइटचे जीवनचक्र सुमारे तीन आठवड्यांचे असल्याने मध्येच उपचार थांबविणे व्यर्थ जाते.

घरगुती उपायांतील धोके

कान दुखला की कोमट तेल, लसूण घातलेले तेल किंवा कांद्याचा रस घालण्याची सवय घरोघरी आहे आणि ती कुत्र्यालाही लागू केली जाते. तेलाने मळ चिकटून बसतो, तपासणीच्या वेळी पडदा दिसत नाही आणि यीस्टला तेलकट वातावरण पोषकच ठरते. कांदा व लसूण पोटात गेल्यास कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपाय होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट यांनी सुजलेल्या त्वचेची आग होते. बोरिक पावडर ओलाव्याने गोळा होऊन नळीत अडकते.

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले माणसांचे कानाचे थेंब हा दुसरा धोका. त्यांतील काहींमध्ये जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी प्रतिजैविके असतात. पडदा शाबूत नसेल तर ही औषधे आतल्या कानाला इजा करून बहिरेपणा आणू शकतात. काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने सूज व खाज तात्पुरती दबते, त्यामुळे गुण आल्यासारखे वाटते. आतला संसर्ग मात्र चालूच राहतो.

तिसरा धोका आयव्हरमेक्टिनचा आहे. गाई-म्हशींसाठी मिळणारे हे इंजेक्शन माइट वा गोचिडांवर म्हणून कुत्र्यांना अंदाजाने दिले जाते. जनावरांच्या औषधाची तीव्रता आणि कुत्र्याला लागणारी मात्रा यांत मोठे अंतर असते. कोली व तत्सम मेंढपाळी जातींत एका जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूत शिरते आणि कुत्रा दगावू शकतो. आज माइट आणि गोचीड या दोन्हींवर कुत्र्यांसाठीच बनविलेली, वजनानुसार द्यावयाची सुरक्षित औषधे उपलब्ध आहेत.

किडे पडणे आणि पाळी फुगणे

पावसाळ्यात कानाच्या जखमेवर माशीने अंडी घातली, की एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत मांस पोखरू लागतात. कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसतो, खाणे सोडतो आणि सडल्यासारखी दुर्गंधी येते. वरून छिद्र लहान दिसले तरी आतली पोकळी मोठी असू शकते. अशा जखमेत फिनाईल, रॉकेल, पेट्रोल किंवा डांबरगोळीची पूड घालण्याचे प्रकार सर्रास होतात. ही रसायने त्वचेतून शोषली जाऊन आणि चाटण्याने पोटात जाऊन विषबाधा करतात. शिवाय मेलेल्या अळ्या आतच राहून जखम सडते. अळ्या एकेक करून काढणे, जखम धुणे, वेदनाशामक व प्रतिजैविक देणे हे दवाखान्याचे काम आहे आणि ते त्याच दिवशी व्हावे लागते.

सतत डोके झटकल्याने कानाच्या पाळीतील रक्तवाहिनी फुटून पाळी उशीसारखी फुगते. त्यात रक्त साचलेले असते. सुईने टोचून ते काढण्याचा प्रयत्न घरी करू नये. रक्त पुन्हा भरते आणि जंतुसंसर्ग होतो. पशुवैद्यक रक्त काढून किंवा लहान शस्त्रक्रिया करून उपचार करतात. उपचार न झाल्यास पाळी आकसून कायमची वेडीवाकडी होते. पाळी फुगण्यामागे कानातील खाज असल्याने तिचाही उपचार सोबतच व्हायला हवा.

गोचिडांचा बंदोबस्त

कानाच्या घड्या आणि पायांच्या बोटांमधील जागा ही गोचिडांची आवडती ठिकाणे. कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड घरातच, भिंतींच्या फटींत आणि कुत्र्याच्या बिछान्याभोवती वाढते. एक मादी हजारो अंडी घालते. ती एर्लिकिया व बबेसिया या जंतूंचा प्रसार करते आणि त्यामुळे कुत्र्याला ताप येणे, रक्त कमी होणे, नाकातून रक्त येणे असे गंभीर आजार जडतात. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी, बोटांनी चिरडू नये. कुत्र्यावरील औषधाबरोबरच भिंतींच्या फटी बुजविणे, बिछाना उन्हात टाकणे आणि फरशी धुणे आवश्यक आहे. या एका बाबतीत खान्देशचे रखरखीत ऊन मदतीला येते.

कानाची खाच म्हणजे आजार नव्हे

रस्त्यावरील काही कुत्र्यांच्या कानाला खाच दिसते. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याची ती खूण असते. श्वान जन्मनियंत्रणाच्या २००१ च्या नियमांत शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानावर खूण करण्याची तरतूद होती. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले आणि कानाची खूण कायम राहिली. ती जखम समजून तीवर औषध लावण्याची गरज नसते. मात्र वस्तीतील एखादे कुत्रे सतत मान झटकत असेल किंवा कानातून पू वाहत असेल, तर त्याला अन्न देणाऱ्या नागरिकांनी स्वतः कान हाताळू नये. वेदनेत असलेले अनोळखी कुत्रे चावू शकते आणि रेबीजचा धोका लक्षात घ्यावा लागतो. चावा लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न करता रुग्णालयात लस घ्यावी.

सोय वाढली, सवय वाढायला हवी

महाराष्ट्रात पशुवैद्यक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले आणि २००० मध्ये नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. जिल्ह्याजिल्ह्यांतील शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांची उभारणी प्रामुख्याने बैल, गाय, म्हैस आणि शेळी-मेंढी डोळ्यांपुढे ठेवून झाली. कारण शेतकऱ्याचे पोट त्यांच्यावर अवलंबून होते. पाळीव श्वानांसाठीचे खासगी दवाखाने नंतर आले. कानाच्या मळाची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी मात्र महागड्या यंत्रांवर अवलंबून नाही. गुंतागुंतीची शस्त्रक्रिया वा क्ष-किरणांपलीकडची तपासणी लागली तरच मोठे शहर गाठावे लागते.

कर्णनलिका पूर्णपणे बुजून गेल्यावर ती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया कुत्र्याला वेदनेतून सोडविते. परंतु ती खर्चिक आणि अवघड असते आणि त्यानंतर त्या कानाने ऐकू येणे जवळजवळ संपते. या टप्प्यापर्यंत पोहोचणारी बहुतेक दुखणी आरंभी साध्या खाजेच्या स्वरूपात दिसलेली असतात. आठवड्यातून एकदा दोन मिनिटे कान पाहणे, पाण्यातून आल्यावर ते कोरडे करणे, रानातून आल्यावर कुसळे शोधणे आणि वास येताच तेलाच्या बाटलीऐवजी दवाखान्याची वाट धरणे, या चार सवयी अंगी बाणल्या तर बहुतेक कुत्र्यांवर ती वेळ येत नाही. कुत्र्याला आपले दुखणे सांगता येत नाही. तो मान झटकतो, एवढेच त्याचे सांगणे असते.